येईल तवा तवा

निघताना तो दाराच्या चौकटीला हात लावायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "जातो."

तुम्ही मराठी घरात वाढला असाल, तर या एका शब्दानं काय होतं ते मी सांगायला नको. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालेला माणूस 'येतो' म्हणतो आणि कायमचा परमुलखाला निघालेलाही 'येतो'च म्हणतो. 'जातो' म्हणणं अभद्र. आमच्या क्लासच्या खाली पिठाची गिरणी होती. तिथल्या मावशींना जिन्यावरून त्याचं 'जातो' ऐकू आलं की त्या चाळणी खाली ठेवून बाहेर यायच्या.

"असं बोलू नये लेकरा. येतो म्हण."

"मावशी, येणार असलो की येतोच की. आत्ता जातोय, तर जातोच म्हणणार."

मावशी कपाळाला हात लावायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी सगळ्यांच्या आधी क्लासच्या दारात हजर असायची, आणि गिरणी उघडायला मावशींना शटर वर ढकलून द्यायची. मुलांनी त्याचं नाव 'जातोसर' ठेवलं होतं. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, म्हणून मीही इथं दुसरं नाव सांगत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट जवळ आला होता. सांगलीत हळदीच्या पेठेमागं एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मोसमात सगळ्या गावाला हळदीचा वास यायचा आणि आमच्या कीबोर्डच्या फटींतून पिवळी धूळ निघायची. पांढरा कीबोर्ड म्हणून घेतलेला माल वर्षभरात हळद लागलेल्या नवऱ्यासारखा दिसायचा. मी तिथं टायपिंग आणि हिशेबाचं पॅकेज शिकवायचो. जातोसरकडं नेटवर्क होतं, म्हणजे सगळ्या मशीन एकमेकींना जोडणाऱ्या वायरी आणि कोपऱ्यातला सर्व्हर. सगळ्यांचं काम त्या सर्व्हरवर साठवलेलं असायचं.

क्लासचे मालक कोरेगावकडचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता, शिस्त येत होती. सकाळी येऊन ते मॉनिटरच्या रांगेवरून नजर फिरवायचे. एखादा वाकडा असेल तर सरळ करायचे आणि विचारायचे, "रिपोर्ट?" जातोसर म्हणायचा, "सब ठीक, सुभेदार." मग चहा यायचा.

एकदा हे 'सब ठीक' बिघडलं. मुलं काम करत असताना मधूनच एखाद्या मशीनचा पडदा निळा व्हायचा आणि मशीन मान टाकायची. आज हिची, उद्या तिची. सुभेदारांनी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. त्यानंही भागेना, तेव्हा सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या डबीला त्यांनी स्वतःच्या हातानं लिंबू-मिरची बांधली. मी हसू दाबत होतो. जातोसर मात्र गंभीरपणे म्हणाला, "सुभेदार, जागा बरोबर निवडलीत. जे काय येतंय ते ह्याच डबीतून येतंय."

झालं होतं असं की, पलूसहून येणाऱ्या एका पोरानं पुण्याच्या मित्राकडून फ्लॉपीवर एक चिमुकला प्रोग्रॅम आणला होता. तो आपल्या जागेवरून दुसऱ्याच्या मशीनला निरोप पाठवायचा. निरोप मोठा असला की तुकडे करून जातो आणि घेणारी मशीन ते तुकडे जोडते, ही नेहमीचीच रीत. या प्रोग्रॅमचे तुकडे मात्र जोडून झाले की चालतं त्याहून मोठे भरायचे, आणि मशीन कोलमडायची.

"पेंढी पेंढी करून कडबा आत घेत गेलास," जातोसरनं मला समजावलं. "दारातनं प्रत्येक पेंढी मावली. आत रचून बघतोस तर छप्पर उचललं. दार मापाचं हाय, पर आत किती साठलं ते कोन मोजतच न्हाई. लिहिणाऱ्याला वाटलंच न्हाई की कोन असं करंल."

वर्गात तो पुस्तकासारखं बोलायचा. मला काही समजावताना मात्र त्याची भाषा सरळ आटपाडीच्या माळावर जायची. त्याचं घर मेंढरंवाल्यांचं. आजोबा, वडील सगळे मेंढरं घेऊन फिरलेले. हा शिष्यवृत्तीवर शिकला आणि बाकीच्या मित्रांसारखा पुण्याला न जाता सांगलीत थांबला. का थांबला, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

ते कळलं सराव परीक्षेच्या दिवशी. परीक्षा सर्व्हरवरून होणार होती. मुलं नट्टापट्टा करून आल्यासारखी कंगवे फिरवून बसलेली. सुरुवात झाली आणि एकालाही आत शिरता येईना. सगळ्यांच्या पडद्यावर नुसतं थांबा, थांबा. सुभेदार सर्व्हरजवळ जाऊन उभे राहिले. पंखा चालू होता, दिवे लुकलुकत होते.

"शहीद झाला काय रं?" त्यांनी हळूच विचारलं.

जातोसरनं सर्व्हरवर काहीतरी टाइप केलं. पडद्यावर एक लांबलचक यादी सरकू लागली. तिच्याकडं तो बघतच राहिला.

"न्हाई सुभेदार. जिता हाय. वाट बघतोय."

त्यानं मला सांगितलं ते असं. एक मशीन दुसरीकडं जाते तेव्हा आधी विचारते, "येऊ का?" सर्व्हर म्हणतो, "ये," आणि तिच्यासाठी एक जागा राखून ठेवतो. मग ती म्हणते, "आले," आणि बोलणं सुरू होतं. आता कुणीतरी खोट्या नावांनी नुसतंच 'येऊ का, येऊ का' करत सुटलं आणि 'आले' कधी म्हणालंच नाही, तर? सर्व्हर प्रत्येकाला 'ये' म्हणणार आणि प्रत्येकाची जागा राखून बसणार. जागा संपतात. मग खरोखर दारात आलेल्याला तो आत घेऊ शकत नाही.

"म्हणजे बिघाड कुठं आहे?" मी विचारलं.

"बिघाड न्हाई गड्या. भला हाय, एवढंच. ज्यो दार लावून बसलाय त्याला ह्याचा काय तरास न्हाई. ज्यो ये म्हनतो त्याचंच हे असं हुतंय."

हे काम त्याच पलूसच्या पठ्ठ्याचं होतं. त्याचा अभ्यास झाला नव्हता. सुभेदारांना त्याचं कोर्टमार्शल करायचं होतं. जातोसरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "येऊ का म्हणून झालं. आता आलो म्हण आणि बस पेपरला." पोरगं मान खाली घालून बसलं. नापास झालं, पण बसलं.

परीक्षा उरकल्यावर आम्ही जिन्याच्या पायरीवर चहा घेत बसलो. तो अजून त्या यादीतच होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आमची आये अशीच हाय."

त्याला एक थोरला भाऊ होता. मिसरूड फुटायच्या वयात मेंढरांना कंटाळून एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. निघताना आईला म्हणाला, "येतो." सुरुवातीला एकदोन पत्रं आली, नंतर काहीच नाही. वडील वारले तेव्हाही आला नाही. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त थापते, दुरडीत झाकून ठेवते आणि सकाळी कुत्र्याला घालते.

"म्हणून तू जातो म्हणतोस?"

"मी कुनाची भाकरी अडकवून ठिवत न्हाई," तो म्हणाला. "जातो म्हनलं की समोरचा मोकळा."

खरी अडचण पुढं होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. एक डोळा तर जवळजवळ गेलाच होता. तव्याच्या धगीचा अंदाज घेऊन ती भाकरी उलटायची आणि बोटं पोळून घ्यायची. गावात शिबिराला आलेल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी थांबलात तर पुढं ऑपरेशन करूनही दिसेलच असं नाही. मिरजेला डोळ्यांचा चांगला दवाखाना होता आणि याच्या सांगलीतल्या खोलीपासून तिथं बसनं अर्ध्या तासाचा रस्ता. त्यासाठीच तर हा सांगलीत राहिला होता. पण आई घर सोडायला तयार नव्हती. दाराला कुलूप बघून थोरला माघारी गेला तर? या एका प्रश्नापुढं याचं सगळं शिक्षण थकलं होतं. दर महिन्याला तो जायचा, समजूत घालायचा, भांडायचा आणि एकटाच परत यायचा.

"डोळं जात्याल तिचं," तो म्हणाला, "आनि मग त्यो आला तरी दिसायचा न्हाई तिला." एवढं बोलून त्यानं चहा तसाच खाली ठेवला. 

सर्व्हरवरचा उपाय त्याला सापडला. जगात इतर ठिकाणीही हाच त्रास झाला होता आणि कुणा हुशार लोकांनी तोड काढली होती. त्यासाठी सर्व्हरच्या यंत्रणेचा गाभा नव्यानं बसवायचा होता. या गाभ्याला आमच्या धंद्यात कर्नल म्हणतात. त्यानं सकाळच्या रिपोर्टमध्ये तेवढंच सांगितलं, "सुभेदार, आपला कर्नल जुना झालाय. शनिवारी नवीन कर्नल येतोय. मग हा त्रास नाही."

आता सातारा जिल्ह्यातल्या निवृत्त सुभेदाराला तुम्ही असं सांगितलंत तर काय होणार? शनिवारी मी क्लासवर आलो तो जिना धुतलेला. दारात रांगोळी. सुभेदार ब्लेझर घालून, छातीवर पदकं लावून, आरशासारखे बूट चमकवून उभे. टेबलावर कंदी पेढ्यांचा पुडा. मला बघून ते दबक्या आवाजात म्हणाले, "शर्ट आत खोवा. साहेब कधीही पोचतील."

आत जातोसर सर्व्हरपुढं बसलेला. सुभेदारांनी बऱ्याच वेळानं आत डोकावून विचारलं, "कर्नलसाहेब कवा येनार?"

"आले की. बसले आत," तो म्हणाला आणि त्यानं खोक्याकडं बोट दाखवलं.

मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं सुभेदारांच्या पदकांकडं पाहिलं, पेढ्यांकडं पाहिलं. मी तोंडावर रुमाल धरला होता. तो मात्र हसला नाही. खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि गडबडीत माफी मागू लागला. सुभेदारांनी त्याला हातानंच थांबवलं. खोक्यासमोर ताठ उभे राहिले, कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "रुजू झाले ना? मग पेढे वाटा." गिरणीतल्या मावशींपर्यंत पेढे गेले.

पेढा खाता खाता मी विचारलं, "हा नवीन कर्नल काय वेगळं करतो?"

"कुनाचीबी जागा राखून ठिवत न्हाई," तो म्हणाला. "कोन येऊ का म्हनलं की त्याला ये म्हनतो आनि एक खूण देतो. मग इसरून जातो. खरा असंल त्यो ती खूण घेऊन परत येतो. खूण बघितली की ह्यो वळखतो आनि तवाच जागा करून देतो. लबाड परत येतच न्हाई, मग त्याच्यासाठी काय अडकत न्हाई."

"पण विसरला तर ओळखणार कसा?"

"खूण त्याच्यापाशी असती की. आमच्यात पाण्यावर चार कळप मिसळत्यात. कोन आपलं मेंढरू धरून बसतं व्हय? कानाला खूण असती. पानी पिऊन झालं की ज्याचं त्याला..."

वाक्य अर्धंच राहिलं. हातातला पेढा त्यानं कागदावर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाला, "गड्या, उद्या गावाकडं चलतोस?"

एसटीतून उतरल्यावर माळावरून बरंच चालावं लागलं. बाभळीखाली दोन खोल्यांचं घर, शेजारी एकच घर, तिथली काकी. आई दारातच बसली होती. आमच्या पावलांकडं तिनं कान दिला आणि विचारलं, "दोगं हायसा न्हवं?" त्या 'दोघां'त तिला कोण हवं होतं ते मला लगेच कळलं. माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"मित्र हाय आये, क्लासातला," तो म्हणाला. तिनं मला हात लावून पाहिलं आणि पाणी दिलं.

मग त्यानं सुरुवात केली. मला वाटलं नेहमीसारखं भांडण होणार. पण तो तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आये, थोरला आला तर त्याला वळखायचं कसं?"

"म्हंजी?"

"आता केवढा झाला आसंल. मिशा आसतील. तुला तर दिसंना. कशावरनं वळखशील?"

 हा विचार तिच्या मनात येऊन गेलाच नव्हता असं नाही. 

"तुला काय म्हनायचा त्यो?" यानं विचारलं.

आईचं माहेर विजापूरकडचं. थोरला लहानपणी तिथं आजोळी वाढला होता. तिकडं आईला अव्वा म्हणतात. तो परत आला तरी तोंडातलं अव्वा गेलं नाही. धाकटा मात्र पहिल्यापासून आये म्हणायचा.

"अव्वा," ती म्हणाली. बऱ्याच वर्षांत न उच्चारलेला शब्द असावा, कारण म्हटल्यावर ती स्वतःच जरा दचकली.

"ह्या माळावर तुला अव्वा म्हननारा त्यो एकटाच हाय न्हवं? मग झालं की. खूण त्याच्यापाशीच हाय आये. आपन काकीला सांगून ठिवू. ज्यो कोन येऊन 'अव्वा कुठं हाय' म्हनंल त्याला सांगलीचा क्लास दाखवायचा. ज्यो अव्वा म्हननार न्हाई त्यो आपला न्हवं. तू दारात बसायची गरज न्हाई. त्यो आला तर चुकायचा न्हाई."

काकी भिंतीपलीकडून म्हणाली, "आवं वैनी, मी हाय की. कुलपाची किल्लीबी माज्याकडं ठिवा. जावा तुमी."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, "आनि भाकरी? त्याची भाकरी कोन ठिवायची?"

"ठिवायची कशाला? येईल तवा तवा ठेव. गरम गरम थाप."

"तवा तवा," ती पुटपुटली, आणि तिला हसू फुटलं. "काय बोलतंय बघा ह्ये. तवा तवा!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. त्यानं तिचे पोळलेले हात आपल्या हातांत धरून ठेवले. मी उठून बाभळीपर्यंत चालत गेलो.

निघायच्या आधी तिनं दुरडीत झाकलेली, कुत्र्याला घालायची राहिलेली कालची भाकरी काढली आणि मला दिली. "खा बाबा. आता कुनासाठी ठिवू." थोरल्याची भाकरी मी खाल्ली, लाल चटणीबरोबर. एका बाजूनं करपलेली होती.

मिरजेला ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा तिनं मुलाकडं खालून वर पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "किती काळा झालायस रं! सावलीत बसतोस म्हनत हुतास की." जातोसर नर्ससमोर लहान पोरासारखा रडला.

बरी झाल्यावर ती एकदा आमच्या क्लासवर आली. मुलानं घरी तिला सगळं सांगितलं होतं. तिला ते 'वाट बघनारं मशीन' बघायचं होतं. सुभेदारांनी खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली आणि सर्व्हरच्या खोक्यावर तिनं हात ठेवला.

"आता वाट बघत न्हाई व्हय ह्ये?"

"न्हाई आये."

"इसरलं?"

"इसरलं न्हाई. आला की वळखतं."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि पदरानं खोक्यावरची हळद पुसली.

पुढं दोन हजार साल जवळ येऊ लागलं आणि कॉम्प्युटरवाल्यांना एकदम भाव आला. जातोसरला बंगळूरची नोकरी मिळाली. आईला घेऊन तो निघाला. मिरज स्टेशनवर सुभेदार, मी, गिरणीतल्या मावशी, झाडून सगळे गेलो होतो. मावशींनी भडंगाची पिशवी आणली होती. गाडी हलायच्या बेतात आली तेव्हा सुभेदार म्हणाले, "आज तरी येतो म्हणा. ऑर्डर समजा."

"सुभेदार, खोटा रिपोर्ट देऊ का?"

सुभेदारांनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ नाक शिंकरलं. त्यानं मला जवळ ओढलं. "काकी अजून सांगलीचाच रस्ता दाखवनार हाय. खूण तुझ्याकडं ठिवून चाललोय." मग डब्याच्या दारात उभं राहून दांडीला हात लावला आणि म्हणाला, "जातो."

मला त्याचा राग आला. आजही थोडा येतो. एवढी वर्षं बरोबर काढलेल्या माणसाला एक 'येतो' जड का व्हावा? पण शब्दाला जागला. फोन करायचा, खुशाली विचारायचा, सांगलीला काही पुन्हा आला नाही. आम्हीही त्याची वाट बघत नव्हतो. निदान तसं एकमेकांना सांगत नव्हतो.

एका दुपारी, ऐन हळदीच्या मोसमात, मी मुलींच्या बॅचला शिकवत होतो. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. खाकी पँट, केस पिकायला लागलेले, चपला काढून हातात धरलेल्या. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. मी म्हटलं, "काय पाहिजे?" त्यानं घसा खाकरला.

"अव्वा... अव्वा कुठं हाय?"

मुली फिसकन हसल्या. माझ्या हातातला खडू खाली पडला. मी दारापर्यंत गेलो आणि त्याच्या हातातल्या चपला घेऊन खाली ठेवल्या. तो गोंधळून माझ्याकडं बघत होता. माझा चेहरा काय झाला होता कोण जाणे.

त्या सगळ्या काळात तो फार लांब नव्हताच. ट्रक सोडल्यावर उंब्रजजवळ हायवेवर एका गॅरेजात टायर काढायच्या कामाला होता. तिथून आटपाडी ती किती लांब! "रिकाम्या हातानं कसं यावं म्हनून न्हाई आलो," तो खाली बघत म्हणाला. "मग लय दिस झालं. मग लाज वाटाय लागली. मग वाटलं, आता तिथं कोन न्हाईच आसंल." गावाकडचा एक ट्रकवाला पंक्चर काढायला थांबला आणि बोलता बोलता म्हणाला, की माळावरच्या काकीनं येणाऱ्याजाणाऱ्याला एक शब्द सांगून ठेवलाय. तो शब्द ऐकून हा हातातला टायर तसाच टाकून आधी काकीकडं गेला होता, आणि तिनं त्याला आमच्या क्लासचा रस्ता दाखवला होता.

मी खालच्या एसटीडी बूथवरून बंगळूरला फोन लावला.

"तुझा तो 'येतो' आलाय," मी म्हटलं.

 मग त्याचा आवाज आला, अगदी बारीक. "खूण पटली?"

"पटली. मुली हसल्या, म्हणजे नीट ऐकू आली."

त्यानं रिसीव्हर बाजूला धरला असावा. "आये," असं मी ऐकलं, पुढचं काही कळलं नाही. मग मागून तिचा आवाज, चांगला मोठा, भांडी वाजल्यासारख्या आवाजासकट. "तवा कुठं ठिवलास रं?"

"आये, त्यो उद्या पोचतोय!"

"मग काय झालं? सापडाय तर पायजे!"

मी रिसीव्हर थोरल्याच्या कानाला लावला. तो एकदाच "अव्वा" म्हणाला आणि भिंतीला टेकला. बूथवाल्यानं त्याला स्टूल दिलं.

मग त्याला घरी नेऊन मी जेवू घातलं. माझ्या बायकोनं भाकरी केली होती. मी म्हटलं, "पोटभर खा. तुमची एक भाकरी मी खाल्लीय." तो हसला, पण त्याला अर्थ कळला नसावा. पुढं आईनं सांगितला असेलच.

संध्याकाळी मिरज स्टेशनवर त्याला गाडीत बसवलं. सुभेदारही आले होते, ब्लेझर घालून. गाडीनं शिट्टी दिली. थोरला डब्याच्या दारात उभा होता.  त्यानं हात जोडले आणि सवयीनं, अगदी सहज म्हणाला, "येतो."

"आवं, नको!" मी जवळजवळ ओरडलोच. "जातो म्हणा."

तो बावरला. असं कुणी कुणाला म्हणायला लावतं का? त्यानं सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदारांनी होकारार्थी मान हलवली. गाडी सरकू लागली. त्यानं दाराच्या दांडीला हात लावला.

"जातो," तो म्हणाला. अगदी तोच आवाज होता.